बर्फाचे अंगण

‘हॉकी’ हा शब्द कानी पडताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे मातीचे अथवा हिरवळीचे मैदान उभे राहावे, हे साहजिकच आहे. ग्वाल्हेरीच्या वाचकांस कॅप्टन रूपसिंग यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू १९३२ आणि १९३६ या दोन्ही ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघांत होते, आणि त्यांच्या नावाचे क्रीडांगण त्या नगरीत उभे आहे. बेळगावकरांस बंडू पाटलांचा अभिमान आहे. १९६४ साली टोकियोस सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. परंतु अटलांटिक महासागराच्या पलीकडे हाच शब्द उच्चारला असता लोकांच्या मनात मैदान येतच नाही. तेथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. मैदानावरच्या हॉकीला त्यांना वेगळे विशेषण लावावे लागते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड या बेटावर आमच्या भाच्याकडे काही आठवडे मुक्कामास होतो. भाचा मूळचा बडोद्याचा. नोकरीनिमित्त तिकडे जाऊन त्यास आता बरीच वर्षे झाली. हिक्सव्हिल नावाच्या ज्या उपनगरात त्याचे घर आहे तेथे आपल्या देशातील माणसांची वस्ती मोठी असून, कोथिंबिरीच्या जुडीपासून पापडापर्यंत सर्व काही पायी जाण्याच्या अंतरावर मिळते. तथापि त्याच्या दहा वर्षांच्या मुलाच्या खोलीत शिरताच आपण परदेशात आहोत याची खात्री पटते. भिंतीवर निळ्या-नारिंगी रंगांचे झेंडे, पलंगाशी काठ्या, दारामागे अंगरखे. हे सारे ‘आयलंडर्स’ या संघाचे. “आजोबा, तुम्ही सामना पाहिल्याशिवाय परत जायचं नाही,” अशी त्या बालकाची आज्ञा होती आणि तिचा भंग करण्याचे धैर्य घरात कोणासही नव्हते.

हा संघ शहराचा नव्हे, उपनगराचा आहे, आणि यातच त्याच्या कथेचे मर्म आहे. न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी रेंजर्स नावाचा जुना, प्रतिष्ठित संघ होताच. १९७२ साली शहराच्या पूर्वेस, नॅसॉ परगण्यातील युनियनडेल या ठिकाणी, जेथे पूर्वी मिचेल फील्ड हा लष्करी विमानतळ होता तेथे, एक मोठी बंदिस्त क्रीडाशाला उभी राहिली. युद्धांत लढलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या वास्तूस लोक नुसते ‘कोलिझियम’ म्हणत. तिच्यात खेळण्यासाठी आयलंडर्स हा नवा संघ काढण्यात आला. पहिल्या हंगामात त्याने ७८ सामन्यांपैकी अवघे १२ जिंकले, ६० गमावले आणि ६ बरोबरीत सोडवले. एवढ्या पराभवांनंतर प्रेक्षकांनी पाठ फिरवली असती तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. पुढे अल आर्बर या चष्मा लावणाऱ्या, शांत स्वभावाच्या प्रशिक्षकाने संघ हाती घेतला, आणि २४ मे १९८० रोजी त्याच कोलिझियममध्ये बॉब निस्ट्रमने जादा वेळेत केलेल्या गोलने स्टॅन्ली चषक बेटावर आला. तो एकदाच येऊन थांबला नाही. १९८० पासून १९८३ पर्यंत सलग चार वर्षे तो तेथेच राहिला. १८९२ साली कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी दिलेला हा चषक त्या खेळातील सर्वोच्च मान समजला जातो.

भाच्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी घरोघरी विजेची कामे केली. १९८० च्या त्या दुपारी ते कोलिझियमच्या अगदी वरच्या रांगेत बसले होते. भाचा नवीन आला असता पहिल्या हिवाळ्यात त्याच्या दारासमोरचे बर्फ उपसून देणारे तेच, आणि त्यास हा खेळ शिकवणारेही तेच. आमच्यासह चौघांची तिकिटे काढली गेली, आणि एका संध्याकाळी आम्ही आगगाडीने एलमाँट येथील नव्या क्रीडाशालेकडे निघालो.

बेलमाँट पार्क या घोड्यांच्या शर्यतींच्या प्रसिद्ध मैदानाला लागूनच ही वास्तू आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती उघडली. तिच्यासाठी लोहमार्गावर एक नवे स्थानकही बांधण्यात आले. डब्यात पाहावे तो निळे-नारिंगी अंगरखे घातलेली कुटुंबेच्या कुटुंबे. कडेवरचे मूल, शाळकरी पोरे, आई-वडील, काठी टेकणारी आजी. अंगरख्यांच्या पाठीवर खेळाडूंची नावे. त्यांतील कित्येक नावे चाळीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्यांची. आपल्याकडे जत्रेच्या दिवशी गाड्यांतून जो उल्हास दिसतो त्याच जातीचा हा उल्हास होता, आणि तो पाहून आम्हांस परकेपणा वाटेनासा झाला.

आत शिरताच प्रथम जाणवतो तो गारवा, आणि मग डोळे दिपवणारी शुभ्रता. बर्फाचे हे अंगण दोनशे फूट लांब व पंच्याऐंशी फूट रुंद असून त्याचे कोपरे गोलाकार असतात. बर्फाची जाडी मात्र जेमतेम इंच-सव्वा इंच. त्याच्या खालच्या फरशीत नळ्यांचे जाळे असते आणि त्यांतून अतिशय थंड द्रव अखंड फिरवला जातो. पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवीत नेतात. मधल्या थरावर पांढरा रंग, त्यावर तांबड्या-निळ्या रेघा, आणि वरून पुन्हा स्वच्छ पाण्याचा थर. सभोवार पाट्यांचे कुंपण व त्यावर जाड पारदर्शक भिंत. दोन्ही गोलांच्या मागे वरपर्यंत जाळे सोडलेले असते. या जाळ्यामागे एक दुःखद कारण आहे. २००२ साली कोलंबस शहरात सामना पाहत असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीस उडालेली चकती लागून तिचा अंत झाला. तेव्हापासून सर्व व्यावसायिक क्रीडाशालांत ही जाळी सक्तीची झाली. एका घरातील दिवा विझला तेव्हा इतरांच्या लेकरांस हे छत्र लाभले.

आता खेळाविषयी थोडेसे. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा गडी. चेंडूऐवजी कठीण रबराची चकती, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची. सामन्यापूर्वी या चकत्या थंडीत गोठवून ठेवतात, म्हणजे त्या बर्फावर फार उसळत नाहीत. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळाडू पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून इतक्या वेगाने धावतात की सुमारे पाऊण मिनिटातच दमून बाकावर परततात, आणि खेळ चालू असतानाच दुसरे गडी कुंपणावरून उडी टाकून त्यांची जागा घेतात. कोणी नियम मोडला तर त्यास दोन मिनिटे एका लहानशा कोंडवाड्यात बसवतात. तेवढा वेळ त्याच्या संघास एक गडी कमी घेऊन लढावे लागते. अपराध एकाचा, प्रायश्चित्त साऱ्यांचे! कुटुंबवत्सल वाचकांस हा न्याय अपरिचित वाटणार नाही.

आणखी एक रीत आम्हांस फार आवडली. खेळ चालू असताना कोणी उठून गेले असल्यास शिट्टी वाजेपर्यंत त्यास आपल्या जागेवर परतू देत नाहीत. जिन्याच्या तोंडाशी उभे असलेले सेवक हात आडवा करून नम्रपणे थांबवतात. खाद्यपदार्थांच्या पुड्या हातांत धरून वीस-पंचवीस माणसे मुकाट्याने उभी राहतात. का, तर मागे बसलेल्याच्या दृष्टीस अडथळा होऊ नये. सतरा हजारांहून अधिक माणसे जेथे मावतात तेथे एकमेकांची एवढी काळजी घेतली जाते, ही गोष्ट आमच्या सभा-संमेलनांच्या चालकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

दोन डावांच्या मधल्या सुटीत एक बोजड यंत्र बर्फावर आले आणि आमच्या शेजारचे बालक हर्षभरित झाले. फ्रँक झँबोनी नावाच्या कल्पक गृहस्थाने १९४९ साली कॅलिफोर्नियात हे यंत्र तयार केले. आजही त्याच्याच नावाने ते ओळखले जाते. पात्यांनी चरे पडलेला बर्फाचा वरचा पापुद्रा ते खरवडून पोटात घेते, आणि मागून ऊन पाण्याचा पातळ थर पसरत जाते. थंड पाण्याऐवजी ऊन पाणी का, असे आम्ही शेजारच्या वृद्ध गृहस्थांस विचारले. ते म्हणाले, “उन्हाळलेलं पाणी चऱ्यांच्या कडा थोड्या विरघळवतं आणि मग जुन्याशी एकजीव होऊन गोठतं. थंड पाणी नुसतं वर बसलं असतं.” थोडे थांबून ते हसत म्हणाले, “माणसांचंही तसंच आहे.”

त्याच सुटीत त्यांनी आम्हांस जी हकीकत सांगितली तीच या लेखाचे खरे निमित्त होय.

काळ लोटला तसे कोलिझियम जुने झाले. छत बुटके, जिने अरुंद, सोयी अपुऱ्या. चार्ल्स वँग हे संघाचे तेव्हाचे मालक. शांघायमध्ये जन्मून आठव्या वर्षी अमेरिकेत आलेल्या या गृहस्थांनी लाँग आयलंडवरच आपला मोठा उद्योग उभारला होता. संघ बेटावर राहावा म्हणून त्यांनी अनेक वर्षे नव्या वास्तूसाठी खटपट केली. अखेर १ ऑगस्ट २०११ रोजी परगण्याच्या मतदारांपुढे प्रश्न ठेवण्यात आला. नवी क्रीडाशाला व तिच्यासोबतची इतर बांधकामे यांसाठी परगण्याने ४० कोटी डॉलरपर्यंत कर्ज काढावे काय? सुमारे ५७ टक्के मतदारांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. पुढच्याच वर्षी संघ ब्रुकलिनला जाणार असे जाहीर झाले आणि २०१५ साली तो गेला.

“मी ‘नाही’ असंच मत दिलं,” वृद्ध गृहस्थ म्हणाले.

आम्ही चकित झालो. पहिल्या हंगामातील पराभवांपासून जो मनुष्य या संघाच्या पाठीशी उभा राहिला, त्यानेच त्यास घराबाहेर काढण्यास हातभार लावावा? आमच्या मनातील प्रश्न ओळखून ते पुढे म्हणाले, “या संघासाठी मी घसा फोडला आहे. पण आमच्या गल्लीत निवृत्त माणसं होती, विधवा होत्या. घरपट्टी भरताना त्यांचा जीव मेटाकुटीला येई, हे मी त्यांच्या घरांत कामाला जाऊन पाहिलं होतं. माझी हौस त्यांच्या घरपट्टीतून भागवावी हे मला पटलं नाही.”

आमचा भाचा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, “मला तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता. असता तर मी ‘होय’ म्हटलं असतं. या बेटावर घरं आहेत, दुकानं आहेत, रस्ते आहेत. पण सगळ्यांनी मिळून ‘आमचं’ म्हणावं असं दुसरं काय होतं? मी इथे आलो तेव्हा कचेरीत माझ्याशी कोणी दोन शब्द अधिक बोलत नसे. काल रात्रीचा सामना पाहिला का, एवढं विचारायला शिकलो आणि माणसं बोलू लागली. ते गेलं तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं.”

दोघेही गेली कित्येक वर्षे हा वाद घालीत आले आहेत असे दिसले, आणि वाद घालीत घालीतच दोघांनी ब्रुकलिनच्या वाऱ्याही एकत्र केल्या. तेथील क्रीडाशाला मुळात बास्केटबॉलसाठी बांधलेली. बर्फाचे अंगण तिच्यात नीट मध्यभागी मावेना. गुणफलक एका बाजूस लटके आणि काही खुर्च्यांवरून एक गोल दिसतच नसे. दूरच्या उपनगरांतील कुटुंबांस मुलांना घेऊन रात्री परतणे जड जाई. अखेर संघालाही घराची ओढ लागली म्हणावयाची! २०१८ पासून काही सामने पुन्हा जुन्या कोलिझियममध्ये होऊ लागले, आणि २०२१ च्या जूनमध्ये त्या वास्तूने अखेरचा सामना पाहिला. महामारीनंतर लोक नुकतेच एकत्र जमू लागले होते. राष्ट्रगीताच्या वेळी गायिकेने ध्वनिक्षेपक खाली घेतला आणि सारे प्रेक्षागृह एकमुखाने गाऊ लागले, हे दृश्य त्या दिवसांत देशभर गाजले. अखेरच्या सामन्यात टँपा बे संघावर जादा वेळेत ३-२ असा विजय मिळाला. पुढचा निर्णायक सामना फ्लोरिडात एका गोलने हरल्यामुळे चषकाची अंतिम फेरी हुकली ती हुकलीच. पण जुन्या घराचा निरोप मात्र विजयाने घेता आला.

नवी वास्तू मुख्यतः खाजगी भांडवलातून, राज्याच्या मालकीच्या जमिनीवर बांधली गेली. म्हणजे वृद्ध गृहस्थांचे म्हणणे खरे ठरले म्हणावे काय? ते स्वतः तसे म्हणत नाहीत. खाजगी पैसा आला की तो आपली वसुली मागतो. वास्तूस एका परदेशी पेढीचे नाव आहे, धनिकांसाठी स्वतंत्र दालने आहेत, आणि चौघांच्या कुटुंबाने वारंवार येण्याजोगे हे ठिकाण राहिलेले नाही. ते स्वतः वर्षातून दोनदाच येतात. कोलिझियमच्या वरच्या रांगेत त्यांच्या भोवती सुतार, शिक्षक, बस हाकणारे असे सारे जमत. त्यांतील पुष्कळ जण आता घरी बसून दूरचित्रवाणीवर सामना पाहतात. दुसऱ्या बाजूने हेही खरे की, बांधणाऱ्यांनी छत मुद्दाम बुटके ठेवले आहे. उंच छताखाली आवाज विरून जातो. जुन्या घरातला तो कानठळ्या बसवणारा गजर नव्या घरातही घुमावा, एवढ्यासाठी ही योजना. जे पूर्वी वैगुण्य म्हणून गणले गेले तेच पुढे वारसा म्हणून जपण्यात आले.

आयलंडर्सच्या चाहत्यांच्या स्मरणात आणखी एक रात्र आहे. ती मात्र वॉशिंग्टनच्या लँडोव्हर या उपनगरातील क्रीडाशालेची. १९८७ सालच्या पवित्र शनिवारी, १८ एप्रिलच्या संध्याकाळी, सामना सुरू झाला. तो बरोबरीत राहिला म्हणून जादा डाव, मग आणखी एक, मग तिसरा, मग चौथा. अखेर पॅट लाफाँटेनने गोल केला तेव्हा ईस्टरच्या पहाटेचे सुमारे दोन वाजले होते. आयलंडर्सचा गोलरक्षक केली ह्रूडी याने त्या रात्री ७३ वेळा चकती अडवली होती. शेजारचे गृहस्थ दूरचित्रवाणीसमोर जागे राहिले आणि तांबारलेल्या डोळ्यांनी तसेच सकाळच्या मिस्सेला गेले. “देवळात आमच्यासारखे पुष्कळ जांभया देत होते,” ते म्हणाले, “आणि फादरांचा आवाजही बसलेलाच होता!” ते लँडोव्हरचे सभागृह २००२ साली पाडण्यात आले. वास्तू गेली, ती रात्र मात्र माणसांनी सांभाळून ठेवली आहे.

अल आर्बर यांचीही एक आठवण तेथे आदराने सांगतात. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, त्यांनी संघासाठी १,४९९ सामने सांभाळले होते, हे ध्यानात आले. तेव्हा त्या वेळचे प्रशिक्षक टेड नोलन यांनी आपली जागा एका रात्रीपुरती त्यांना देऊ केली. ३ नोव्हेंबर २००७ रोजी, वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, आर्बर पुन्हा बाकामागे उभे राहिले, आणि संघाने तो सामना जिंकून दिला. पदावर असलेल्याने आपली खुर्ची वडीलधाऱ्यास आनंदाने रिकामी करून द्यावी, हे दृश्य आजकाल कोणत्याही देशात वरचेवर दिसत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पाहिलेल्या सामन्यात यजमान संघ एका गोलने हरला. बालकाचे डोळे भरून आले. वृद्ध गृहस्थांनी त्याच्या टोपीवर हात ठेवून एवढेच म्हटले, “पहिल्या वर्षी आम्ही साठ हरलो होतो.” त्या एका वाक्याने मुलाचे समाधान झाले नाही, पण ते त्याने ऐकले, आणि पुढे कधीतरी ते त्याच्या कामास येईल असा आमचा विश्वास आहे.

आता या सर्वांचा आम्हांस उलगडलेला अर्थ. उपनगर म्हणजे ठिकठिकाणांहून आलेल्या लोकांची वस्ती. तेथे पिढ्यांची ओळख नसते, ग्रामदैवत नसते, वेशीवरचा पार नसतो. अशा माणसांस एकत्र बसण्यास काहीतरी अंगण लागते. भाचा म्हणतो ते खरे आहे. आपापला प्रांत सोडून इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यानुपिढ्या वसलेल्या आमच्या मराठी वाचकांस हे समजावून सांगावयास नको. सभागृहासाठी, शाळेसाठी, वाचनालयासाठी पै-पैसा गोळा करणाऱ्या वडिलांच्या आठवणी त्यांच्या घरांत अजून जिवंत असतील. परंतु शेजाऱ्याचेही खरे आहे. अंगण सर्वांचे म्हणावयाचे आणि त्याचा भार मात्र ज्यास तो झेपत नाही त्याच्या खांद्यावर टाकावयाचा, हे प्रेम नव्हे. जो समाज सामायिक वास्तू उभारू इच्छितो त्याने या दोघांसही एकाच बाकावर बसवले पाहिजे. एकाने विचारावे, “हे नसेल तर आपण एकमेकांस भेटणार कोठे?” आणि दुसऱ्याने विचारावे, “याचे पैसे कोण भरणार, आणि बांधून झाल्यावर आत कोणास येता येईल?” दुसरा प्रश्न ऐकून पहिल्याने रागावू नये, कारण तो विचारणाराच पुष्कळदा पहिल्या दिवसापासून वरच्या रांगेत बसलेला असतो.

नॅसॉ परगण्यात या दोन प्रश्नांचे उत्तर एकमताने मिळाले नाही, आणि त्यामुळे काही वर्षे सर्वांनाच पोरकेपण सोसावे लागले. आमच्या गावोगावच्या समित्यांत असे प्रश्न येतात तेव्हा मते मोजून बैठक संपते आणि हरलेला पक्ष पुढे येईनासा होतो. त्या दोन शेजाऱ्यांनी एवढे मात्र शहाणपण दाखवले की मत वेगळे पडले म्हणून त्यांनी एकत्र जाणे सोडले नाही. पुढील हंगामाची दोन तिकिटे, तीही वरच्या रांगेची, त्यांनी आताच अर्धा-अर्धा खर्च वाटून घेऊन ठरवली आहेत.